विहिरीवरची छत्री

रविवार, २७ नोव्हेंबर १९६६

आज दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, बोईसरला प्रकल्पाच्या वसाहतीतल्या क्लबच्या हॉलमध्ये, सुमारे साठ माणसांसमक्ष माझा अपमान झाला. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून घेतली. भिंतीवरचं दोन मिनिटं मागे होतं. अणू फोडून वीज काढायला निघालेल्या लोकांना घड्याळाला किल्ली देणं जमत नाही, हेही नोंदवून ठेवते.

बत्तीस वर्षं मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. तक्रार कशी लिहावी हे मला कुणी शिकवायला नको. आधी तारीख, मग वेळ, मग घडलं काय, आणि आपलं मत सगळ्यात शेवटी. माझं मत आत्ताच दार ठोठावतंय, पण त्याला बाहेर थांबवून क्रमाने जाते.

चित्रकार श्री. मुकुंद डोंगरकेरी. हे गृहस्थ आठ महिने पॅरिसला राहून आले आहेत आणि ते आठ महिने आयुष्यभर पुरवायचा त्यांचा बेत दिसतो. क्लबच्या भिंतींसाठी चित्रं करायचं काम मिळालं म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात ते केळव्याला आमच्या परसातल्या खोलीत भाड्याने राहिले. सुपारीच्या सावलीत बसून, नर्मदेच्या हातची बोंबलाची आमटी दोनदा मागून घेऊन, त्यांनी आमच्या विहिरीची चित्रं काढली. नर्मदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन एकवीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त होऊन गावी आले तेव्हापासून बिचारीला निदान माझा आधार आहे.

आज त्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठं चित्र, 'पुरुष आणि प्रकृती'. आमची विहीर, तिच्या कठड्याच्या निखळलेल्या चिऱ्यासकट. विहिरीभोवती वाळूच वाळू, आकाश विड्याच्या पानासारखं हिरवं. विहिरीवर आभाळाएवढी काळी छत्री उघडलेली, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेलं ठिगळ. छत्रीच्या टोकावर साखळीचा चष्मा. काड्यांना टेलिफोनच्या वायरी लोंबतात. आणि खाली विहिरीच्या पाण्यात एका बाईचा चेहरा. डोळे मिटलेले, केसांत शेवाळ, कपाळावर बेडूक.

छत्री माझी. ठिगळ माझं, मी स्वतः घातलेलं. चष्मा माझा. तेव्हा चेहरा कुणाचा हे सांगायला पॅरिसला जावं लागत नाही. विहिरीची मालकीणही मीच आहे.

मुंबईहून आलेले एक समीक्षक हातात छडी घेऊन समजावत होते. "हे पाहा. छत्री हे पुरुषतत्त्व. ताठ, कोरडं, वर पसरणारं, सगळ्यावर सत्ता सांगणारं. आणि विहीर हे स्त्रीतत्त्व. खोल, ओलं, निमूट." याच क्षणी वसाहतीतल्या बायकांनी आधी चित्रातल्या छत्रीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या छत्रीकडे, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावला. छत्रीवरून त्यांनी मला ओळखलं आणि विहिरीतली बेडूकवाली बाई मीच हे त्यांच्या ध्यानात आलं, हे उघड आहे. चार वाजून चाळीस मिनिटं.

मी एकोणसाठ वर्षांत कधी निमूट नव्हते. माझ्या हाताखालच्या तीस मुलींपैकी कुणालाही विचारा.

नर्मदेचा मात्र काही उपयोग झाला नाही. ती चित्रासमोर आधी बराच वेळ उभी होती, मग बाहेर गेली ती गेलीच. निघायच्या वेळी क्लबच्या मागून आली, पदराला पीठ.

"कुठे होतीस?"

"हितंच हाय की, आक्का. मागं."

त्या पिठाचं काय ते विचारायचं राहिलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

सोमवार, २८ नोव्हेंबर

तक्रार क्रमांक एक लिहून झाली. प्रत कार्बन लावून काढली. मागण्या: चित्र उतरवावं आणि चित्रकाराने लेखी माफी मागावी.

लिहिताना डोंगरकेरींची ती सगळी प्रवचनं आठवली. त्यांच्या पंथाला अतिवास्तववाद म्हणतात. स्वप्नात जसं दिसतं तसं रंगवायचं, आणि लोकांनी विचारलं की हे काय, तर गालात हसायचं. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूत एक तर पुरुष बसलेला आहे नाही तर बाई. मनोरा, किल्ली, सूर्य, माड हे पुरुष. घडा, अंडं, चंद्र, शिंपला या बायका. म्हणजे माझं स्वयंपाकघर जनानखाना आणि परसातले माड म्हणजे मर्दानी आखाडा. उखळ-मुसळाचं उदाहरण ते देऊ लागले तेव्हा मी विषय बदलला.

"मग टेलिफोन?" मी विचारलं होतं.

"बोलतो तो भाग पुरुष, ऐकतो तो स्त्री," ते म्हणाले.

"आणि मधे बसून जोडून देते ती?"

यावर ते ब्रश पुसू लागले. पॅरिसला हे शिकवलेलं नसावं. नर्मदा तेव्हा पाणी काढत होती. तिने मधेच विचारलं, "आनी दोर?" डोंगरकेरी तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "दोराचा विचार मी केलाच नव्हता." एवढ्याशा गोष्टीचं त्यांना केवढं कौतुक. मी तिला सांगितलं की शिकलेल्या माणसांच्या मधे बोलू नये.

तक्रार पोस्टाने पाठवायची नाही. आमच्या खात्यात महत्त्वाचा कागद हाताने जाई आणि घेणाऱ्याची सही परत येई. माझा गुडघा कालच्या प्रवासाने सुजलाय. कुणाला पाठवावं या विचारात होते तर नर्मदा म्हणाली, "मी जाऊन येते, आक्का. तुमी गुडघा शेका."

चार वर्षांत स्वतःहून पुढे होऊन तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. माझा अपमान तिला इतका लागलेला पाहून बरं वाटलं. कसं जायचं, कुठे उतरायचं, कुणाशी बोलायचं नाही, सगळं समजावून दिलं. "हो आक्का," म्हणाली. एवढी साधी आहे की वाटेत कुणी फसवेल अशी धाकधूक.

गुरुवार, १ डिसेंबर

नर्मदा सकाळच्या गाडीने गेली ती दिवे लागल्यावर परतली. क्लबच्या सेक्रेटरींची सही आणली. केसांना धुराचा वास.

"एवढा वेळ?"

"थांबावं लागलं."

बिचारीला दिवसभर ताटकळत बसवलं! आणि तेही कुठे तरी धुराच्या जागी. हा मुद्दा पुढच्या तक्रारीत येईल. दमली असेल म्हणून मी तिला लवकर झोप म्हटलं, तर ती सुपाऱ्या सोलत बसली आणि गुणगुणत होती. लग्नात म्हणतात ती गाणी. मी हाक मारून सांगितलं, माझं डोकं दुखतंय. मग थांबली.

रविवार, ४ डिसेंबर

गावात पसरलं. आज वाडीत शिंपणं करायला लाडकी आली होती. ही आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला आहे, तिच्या तोंडाला दार नाही.

"बाय, तुमचा फोटू लागलाय म्हनं बोईसरला."

"फोटो नाही. चित्र. आणि ते उतरणार आहे."

"छत्री घेऊन हाय म्हनं."

"छत्री वर आहे. मी खाली."

लाडकीने हातातलं पोहऱ्याचं पाणी तिथेच ओतलं. "खाली? पान्यात? तुमी?"

"हो. हसायला काय झालं?"

"नाय बाय. तुमी खाली कशा ऱ्हाल? तुमी तं सगल्यांच्या वर," असं म्हणून ती बसलीच हसत. तिने चित्र पाहिलेलं नाही, तेव्हा तिच्या मताला किंमत नाही. तरी हा आदर बरा वाटला. निदान लाडकीला माझी पायरी कळते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, सभ्य स्त्री आवाज चढवत नाही, फक्त भुवई. मी संध्याकाळी समुद्रावर सुरूच्या बनापर्यंत भुवई चढवून चालत गेले. मुंबईची दोन माणसं वाळूत बसून अंडी खात होती. डोंगरकेरींच्या हिशेबाने स्त्रीतत्त्वच खात होती. माझ्या छत्रीकडे बघून एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. बातमी मुंबईपर्यंत गेलेली दिसते.

गुरुवार, ८ डिसेंबर

तक्रार क्रमांक दोन. उत्तर आलं नाही म्हणून कडक भाषेत. नर्मदा पुन्हा घेऊन गेली. जाताना मोठी परात बरोबर नेली. बोईसरला चांगला कल्हईवाला आला आहे म्हणे. माझ्या भांडणाच्या धामधुमीतही घराची भांडी तिच्या लक्षात राहतात, हा तिचा गुण मी मान्य करते.

रात्रीच्या जेवणाला तिने लाल मिरचीचा ठेचा वाढला. आपल्याकडे असा करत नाहीत. "हे कुठलं?" विचारलं तर म्हणाली, "देशावरच्या बायका करतात." तिच्या बोटाला भाजलंय. क्लबात बसवून ठेवतात तिथे चूल कुठून आली? उद्धट लोक, चहाचं कामसुद्धा तिच्याकडून करून घेत असतील. तक्रार क्रमांक तीनमध्ये हे ठणकावून लिहीन.

एडवणला तिचा भाऊ असतो. त्याने मागे दोनदा तिला राहायला बोलावलं होतं. मी जाऊ दिलं नाही. तिथे तिला राबवून घेतील.

सोमवार, १२ डिसेंबर

परात अजून आलेली नाही. कल्हईवाल्याकडे गर्दी आहे. आता पोळपाट आणि मोठा तवाही न्यायचा म्हणते. लाकडाच्या पोळपाटाला कल्हई करतात हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, पोळपाटाचा पाय हलतो, तिथे सुतार आहे. बोईसरची एवढी प्रगती झालेली पाहून धन्य वाटलं.

मंगळवार, १३ डिसेंबर

डोंगरकेरींचं उत्तर आलं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कुणी नाकबूल व्हायला नको.

"आदरणीय वत्सलाबाई, आपल्या दोन्ही तक्रारी मिळाल्या. आपला काही गैरसमज झालेला दिसतो. विहिरीतला चेहरा आपला नाही. मी आपल्याला पाण्यात कसं ठेवीन? आपण छत्री आहात. आमच्या चित्रांत पुरुषतत्त्व आणि स्त्रीतत्त्व यांचा मिशीशी किंवा लुगड्याशी संबंध नसतो. घरात जे पसरतं, झाकतं, वरून बघतं ते एक तत्त्व. जे साठवतं, सांभाळतं, खालून पुरवतं ते दुसरं. आपल्या घरी दोन महिने मी ही दोन्ही तत्त्वं सकाळी सातपासून पाहिली. चेहरा नर्मदाबाईंचा आहे. त्यांनी तो पहिल्याच दिवशी ओळखला. आठवड्याला येतात तेव्हा हॉलमध्ये डोकावून चित्र बघून जातात. बेडकाबद्दल दिलगीर आहे. तो नुसता बेडूक आहे."

मी छत्री!

बेडूक परवडला. ताठ, कोरडं, सत्ता सांगणारं! साठ माणसांत मी स्वतःला विहीर समजून अपमान करून घेतला, आणि खरा अपमान दहा फूट वर टांगलेला होता. ज्या मुलीने वयाच्या तेविसाव्या वर्षी वडिलांची नोकरी गेल्यावर घर चालवलं, भावाला शिकवलं, भावाच्या विधवेला दर महिन्याला मनीऑर्डर पाठवली, ती पुरुष. वा! आणि पसरणं म्हणजे काय? मी एका खोलीत राहते. तिला खिडकी आहे, आरसा आहे, कपाट आहे, एवढंच.

नर्मदेला हाक मारली. ती अंगणात सुपारी वाळत घालत होती. हात पुसत आली.

"हे वाच."

तिने चौथीपर्यंतच्या शिक्षणाच्या बेताने, ओठ हलवत वाचलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पयल्याच दिवशी. कठड्याचा चिरा बगितला नि वळखलं. माझं तोंड मी रोज विहिरीतच बगते, आक्का. आरसा तुमच्या खोलीत हाय."

"मग बोलली का नाहीस? मी दोन तक्रारी लिहिल्या!"

"तुमी इतक्या हौसेनं विहीर झालात. म्हटलं, होऊं दे."

माझी भुवई चढली. तिने पाहिली, पण पूर्वीसारखं खाली बघितलं नाही.

"अगं, हा तुझाही अपमान आहे. तुला बुडवलंय त्यात."

"बुडाले नाय मी." ती म्हणाली, "मला येकच वाटलं. विहिरीवर छत्री उघडून ठेवली तं पाऊस आत कसा पडायचा?"

मी तिला समजावलं की विहीर वरच्या पावसाने भरत नाही, खालच्या झऱ्याने भरते. हे शाळेच्या पुस्तकात असतं.

"तेबी खरंच," ती म्हणाली. "झरा हाय म्हणून तं ऱ्हायली ती." आणि सुपारीकडे गेली. मला वाटलं, पटलं.

थोड्या वेळाने पुन्हा दारात उभी. "आक्का, बोलायचंय."

मी घड्याळ पाहिलं. ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळतात, घरातही मी तोच नियम ठेवलाय, नाही तर बोलणी संपत नाहीत. "तीन मिनिटांत सांग."

"दोनच लागतील. सोमवारपासून मी बोईसरला ऱ्हाणार."

आणि तिने सांगितलं. प्रदर्शनाच्या दिवशी ती क्लबच्या मागे गेली तर तिथे रंभाबाई म्हणून एक नांदेडकडची बाई, सातवा महिना, चुलीपुढे वाकून भाकऱ्या थापत होती. नवरा पंढरी बांधकामावर. त्याच्या टोळीतले लोक तिच्याकडेच जेवतात. बाईला वाकवेना. नर्मदेने पदर खोचला आणि तिला उठवून स्वतः बसली. मी आत उभी राहून वेळ नोंदवत होते तेव्हा ती बाहेर भाकऱ्या करत होती. त्यानंतर माझी तक्रार घेऊन गेली की दहा मिनिटांत सही घ्यायची आणि उरलेला दिवस चूल. आता दोघी मिळून खानावळ घालणार. खोली बघितली आहे. परात तिथेच आहे, तवा आणि पोळपाटही आता जाणार.

म्हणजे माझ्याच तक्रारी तिला गाडीत बसवून नेत होत्या, सहीची पोच घेऊन.

"राबायला चाललीस? परक्या लोकांत? तुला तिथे कोण विचारणार?"

"जेवायला बसतात ते विचारतात, आक्का. 'काकू, अजून येक टाका' म्हणतात. मला काकू कुनी म्हटलंच नव्हतं."

"इथे काय कमी होतं?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, टाळण्यासाठी नाही. "कमी नव्हतं काय. हितं सगलं तुमचं हाय, तुमी चांगलं ठेवलंत. पन तुमी मला कदी काय विचारलं नाय."

"काय विचारायचं होतं?"

"कायबी."

मी म्हटलं, तीन मिनिटं झाली.

मंगळवार, २० डिसेंबर

काल गेली. लाडकी टांग्यापर्यंत पोचवायला गेली आणि रडत परत आली. मी ओटीवर होते. जाताना नर्मदा वाकून पाया पडली. मी म्हटलं, गाडीत खिडकीशी बसू नकोस, डोळ्यात कोळसा जातो. ती हसली.

घरात शांतता आहे. कुणी गुणगुणत नाही. डोकं तरीही दुखतंय.

बुधवार, २१ डिसेंबर

आमटी केली. खारट.

शनिवार, २४ डिसेंबर

माझा विजय झाला. आज प्रकल्पाचा ट्रक दारात उभा राहिला आणि त्यातून चार माणसांनी 'पुरुष आणि प्रकृती' उतरवलं. सोबत सेक्रेटरींचं पत्र: आपल्या भावना दुखावल्याबद्दल क्लब दिलगीर आहे, चित्र उतरवण्यात आलं आहे, चित्रकाराने ते आपल्यालाच भेट देण्याची इच्छा दर्शवली आहे. तक्रार क्रमांक तीन पाठवण्याआधीच! बत्तीस वर्षांत इतका झटपट निकाल मी पाहिला नव्हता.

विजयाला ठेवायला जागा नाही. माझ्या खोलीत दारातून जाईना. शेवटी ओटीवर भिंतीला टेकवलं. ट्रकबरोबर आलेल्यांत तो पंढरीही होता. डोक्यावर टोपी, बोलणं अघळपघळ.

"काकूंनी सांगून धाडलंय बघा, उन्हात ठेवू नका म्हणून. रंग जातो म्हणं."

"काकू कशा आहेत?" हे मी सहज विचारलं.

"काय सांगू बाई, रुबाब वाढलाय! काल एकानं भाकर पानात टाकून दिली, त्याला उठवलं बघा त्यांनी. अन्नाला नाव ठेवायचं तर बाहेर जाऊन ठेव म्हणल्या. आमचा मुकादमसुद्धा घाबरून असतो."

नर्मदेने कुणाला उठवलं? आमच्या नर्मदेने? मी त्याला सांगितलं, तू दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोयस. तो म्हणाला, "ह्याच की," आणि विहिरीतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

सोमवार, २६ डिसेंबर

काल नाताळ. मुंबईहून सिस्टरचं कार्ड आलं. दिवसभर ओटीवर बसले. दुसरं बघायला काही नाही, तेव्हा चित्र बघितलं.

तीनच्या सुमाराला ऊन तिरपं आत येतं. त्या उजेडात एक गोष्ट दिसली, जी त्या छडीवाल्याने सांगितली नव्हती, डोंगरकेरींनी लिहिली नव्हती. छत्रीची मूठ खाली विहिरीच्या कठड्यापर्यंत येते. तिथे, निखळलेल्या चिऱ्याच्या खाचेतून, पाण्यातून वर आलेली चार बोटं आहेत. हिरव्यावर हिरवी, चटकन दिसत नाहीत. ती मुठीला धरून आहेत. छत्री हवेत तरंगत नाही. पाण्यातल्या बाईने ती धरलेली आहे.

ही चित्रकाराची चूक असावी. आभाळाएवढी छत्री चार बोटांवर उभी राहत नाही. जमिनीत नीट खांब रोवायला हवा.

लाडकी झाडायला आली होती, तिला दाखवलं. ती म्हणाली, "हां. मंग? कुनी धरली नाय तं पडंल ना ती."

मला वाटतं लाडकीला आता रजा द्यावी. पण मग पाणी कोण काढणार?

बुधवार, २८ डिसेंबर

पालघरला जाऊन ट्रंक कॉल लावला. क्लबला लावून निरोप दिला की नर्मदाबाईंना बोलवा. ऑपरेटर मुलगी नवखी होती, 'हॅलो' म्हणताना सूर वर नेत होती. माझ्या हाताखाली असती तर पहिल्या दिवशी सुधारलं असतं.

बराच वेळ शिपाई तिला बोलवायला गेला होता; नाव देऊन लावलेल्या कॉलला माणूस आल्याशिवाय मिनिटं मोजत नाहीत. मग आवाज आला. दम लागलेला.

"आक्का? काय झालं? बऱ्या हाव ना?"

मी सांगितलं, मेथीचा डबा सापडत नाही. ती म्हणाली, फडताळात वरच्या फळीवर, डाव्या हाताला. मी सांगितलं, तिथे बघितलं. म्हणाली, मग राईच्या मागे. मी सांगितलं की चित्र फार जागा अडवतं. ती म्हणाली, ओटीवर ठेवलंत ते बरं केलंत. मागे कुणी तरी हाक मारत होतं, काकू, काकू. मी सांगितलं की चित्रात एक चूक आहे. ती म्हणाली, "बोटांची ना?"

मी काही तरी विचारणार होते. घरून निघताना ठरवून निघाले होते.

"तीन मिनिटं झाली, मॅडम," ती मुलगी मधे म्हणाली. "वाढवायची का?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला असेल. लोक वाढवून मागायचे आणि मग हवापाण्याचं बोलत बसायचे. मला त्यांचा राग यायचा. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, नको.

घरी आले. मेथीचा डबा राईच्या मागे होता.

रविवार, १ जानेवारी १९६७

तक्रार क्रमांक तीन. इथे कच्चा खर्डा लिहिते, पक्का उद्या पोस्टाने जाईल. हाताने नेणारं कुणी उरलेलं नाही.

प्रति, श्रीमती नर्मदा, पंढरी आणि रंभाबाई यांची खानावळ, बोईसर.

घटना: सोमवार, दिनांक १९ डिसेंबर १९६६, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू घरातून निघून गेलीस. त्या वेळी मी फक्त खिडकीशी बसू नकोस एवढंच बोलले. ते अपुरं होतं, हे तपासाअंती आढळून आलं आहे.

तुझ्या जाण्यापासून पुढील गैरसोयी झाल्या आहेत. आमटी खारट होते. लाडकी फार बोलते. ओटीवर तुझा चेहरा आहे आणि तो डोळे मिटून असतो, त्याच्याशी बोलता येत नाही. माझ्या खोलीतला आरसा मी काढून ओटीवर टांगला आहे. विहिरीशेजारी टांगणार होते, पण पाण्याने बिघडेल.

ठेचा कसा करतात ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते आहे. याव्यतिरिक्त विचारण्यासारखं बरंच काही निघालं आहे. एकवीस वर्षांचं आहे, तीन मिनिटांत आटपणारं नाही. वेळ वाढवून मागण्यात येत आहे.

तरी खालील बाबींचा लेखी खुलासा करावा. तुमची खानावळ रविवारी चालू असते की बंद. चालू असल्यास, कामावर नसलेल्या, वयस्क, परक्या बाईला तिथे पान मिळतं का. मिळत असल्यास कितीला येऊन बसावं, आणि भाकरी टाकून न देणाऱ्या माणसाला उठवण्यात येत नाही ना. तुझं अक्षर वाकडं असलं तरी मला वाचता येतं, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नये.

उत्तर शनिवार, दिनांक ७ जानेवारी १९६७, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे. न पडल्यास रविवारी पहिल्या गाडीने मी स्वतः चौकशीला येईन. छत्री आणणार नाही.